उचल, हप्ता आणि द्राक्षाची मजुरी

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात सध्या कोणाच्याही ओसरीवर बसले, तरी एक तक्रार हमखास ऐकू येते. सरकारने फुकट पैसे वाटले आणि माणसे कामाला यायची बंद झाली, अशी ती तक्रार आहे. मी नोकरीसाठी नाशिक शहरात राहत असले तरी आमचे घर याच पट्ट्यातले आणि बागायतदारांचेच आहे. त्यामुळे ही तक्रार मी बाहेरची म्हणून ऐकत नाही. गोडी छाटणीच्या, म्हणजे घड धरण्यासाठी पावसाळ्यानंतर होणाऱ्या छाटणीच्या, तोंडावर पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडून येणारी टोळी आठ दिवस उशिरा आली, तर पुढची घडांची विरळणी आणि डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) कसे कोलमडते, हे मला माहीत आहे. तरीही या तक्रारीत कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे, असे माझे मत आहे. हातात विनाअट रोख रक्कम आली म्हणून माणूस काम सोडत नाही. कोणत्या अटीवर काम करायचे, हे ठरवण्याची थोडी ताकद मात्र त्याला मिळते.

आधी 'विनाअट' म्हणजे काय ते स्पष्ट केलेले बरे, कारण आपल्याकडे त्यावरून बराच गोंधळ होतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेला पात्रतेच्या अटी आहेतच. वय 21 ते 65 असावे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे, आधार जोडलेले बँक खाते असावे. परंतु महिन्याचे 1500 रुपये खात्यात आल्यावर ते कशावर खर्च करायचे, याची अट नाही. पीएम-किसानचे वर्षाचे 6 हजार आणि त्यावर 2023 पासून राज्याने घातलेले नमो शेतकरी महासन्मान निधीचे 6 हजार यांनाही वापराची अट नाही. याउलट जननी सुरक्षा योजनेत मुख्य रक्कम प्रसूती रुग्णालयात झाली तरच मिळते. त्याला सशर्त मदत म्हणतात. मी पहिल्या प्रकाराविषयी लिहीत आहे.

डोंगराकडच्या कुटुंबाचे वर्ष कसे जाते, हे समजून घेतल्याशिवाय या पैशाचा अर्थ लागत नाही. भात, नागली, वरई यांचे घरचे धान्य पाऊसकाळ येईपर्यंत सरत आलेले असते. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, बी, खत आणि माणसांचे जेवण लागते, पोरांच्या शाळा नेमक्या तेव्हाच उघडतात, आणि आजारपणेही त्याच ओल्या महिन्यांत येतात. हातात पैसा नसण्याचा हा काळ आणि मळ्यात पुढच्या हंगामासाठी माणसे बांधून ठेवण्याचा काळ एकच असतो. त्यातून उचल जन्माला येते. मजूर जमवणारा मुकादम घरोघर जातो, जोडप्यामागे काही हजार आगाऊ देतो, आणि दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे त्या जोडप्याने कोणत्या मळ्यात जायचे हे आषाढ-श्रावणातच ठरून जाते. दर मात्र तेव्हा ठरत नाही.

आमच्या घरी लाल पुठ्ठ्याची एक वही असे. तिच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर मजुराचे नाव आणि त्याखाली उचलीचा आकडा लिहिलेला असायचा. मग खाली किराणा, मधल्या आजारपणात दिलेले शे-दोनशे, लग्नाला गेला तेव्हाचे खाडे, आणि सर्वांत शेवटी उक्त्याचा हिशोब. तेल-मिठापासून गोळ्या-औषधांपर्यंत सगळे वजा होऊन हंगामाअखेर जे उरे, ते पाहून माणूस क्षणभर गप्प बसे आणि मग पुढच्या वर्षाची थोडी उचल मागे. यात आमची माणसे दुष्ट होती असे मुळीच नाही. कित्येकदा व्याज लावले जात नसे, अडीनडीला गाडी काढून दवाखान्यातही नेले जाई. पण ज्याने जुलैत पैसे घेतले आहेत, त्याला नोव्हेंबरात दरावर बोलता येत नाही.

आता या पार्श्वभूमीवर जुलैत त्याच घरातल्या बाईच्या खात्यात 1500 रुपये येऊ लागले तर काय होईल? उचलीची गरज संपणार नाही, पण ती कमी होईल, आणि कमी उचल घेतलेले कुटुंब आवणी स्वतःच्या वावरात पुरी करूनच खाली उतरेल. 'माणसे येत नाहीत' या तक्रारीचा बराचसा भाग म्हणजे 'माणसे पूर्वीसारखी आम्हाला हवी तेव्हा येत नाहीत' असा आहे.

हा नुसता माझा तर्क नाही. मध्य प्रदेशात सेवा या असंघटित कामगार स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने 2011-12 मध्ये काही गावांत असाच प्रयोग केला होता. तिथे प्रत्येक प्रौढाला महिन्याला 200 आणि प्रत्येक मुलामागे 100 रुपये देण्यात आले, पुढे ही रक्कम 300 आणि 150 झाली. सहा हजारांहून अधिक लोकांना कोणतीही अट न घालता हे पैसे मिळाले. लोक आळशी झाले नाहीत. दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी काही प्रमाणात कमी करून ते स्वतःच्या जमिनीकडे वळले, आणि आदिवासी गावात हा बदल अधिक ठळक होता. केनियातल्या मोठ्या प्रयोगातही, जिथे काही गावांना 12 वर्षे दरमहा रक्कम देण्याचे वचन आहे, एकूण काम घटलेले दिसले नाही, मजुरीकडून स्वतःच्या लहानशा धंद्याकडे सरकलेले दिसले. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतले सात प्रयोग एकत्र तपासून 2017 मध्ये हेच सांगितले की, रोख मदतीने गरीब माणूस काम टाळू लागतो याला पुरावा सापडत नाही.

दारूचा मुद्दा मी थोडक्यात आटोपते, कारण तो मांडणाऱ्यांना उत्तरात फारसा रस नसतो असा माझा अनुभव आहे. निरनिराळ्या देशांतल्या 19 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संशोधनात रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. उलट सरासरीने तो किंचित घटलेलाच दिसला.

याहून महत्त्वाचा प्रश्न रकमेच्या आकाराचा आणि तारखेचा आहे. दरमहा थोडे थोडे द्यावे की एकदम मोठी रक्कम? केनियातल्या रारिएडा भागात जोहान्स हाऊसहोफर आणि जेरेमी शपिरो या संशोधकांनी याची तुलना केली, तेव्हा दरमहा पैसे मिळालेल्या घरांत खाण्यापिण्याची ददात अधिक कमी झाली, आणि एकरकमी पैसे मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तूंवर अधिक खर्च केला. तिथे गवताचे छप्पर जाऊन पत्रे आले. वरवर हा श्रीमंती थाट वाटतो. ज्यांनी दर वर्षी छप्पर शाकारण्यासाठी मजुरी बुडवली आहे आणि तरीही रात्री पातेली मांडून गळती झेलली आहे, त्यांना पत्रा ही बचत असते हे वेगळे सांगावे लागत नाही.

आणि जिथे महिन्याचीच रक्कम मिळते, तिथे लोक स्वतःच तिची एकरकमी रक्कम बनवतात. केनियात दीर्घकाळ हप्ता मिळणाऱ्यांनी त्यासाठी चक्क भिशी लावली. आपल्याकडच्या बायकांना हे शिकवायला कोणी जायला नको. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर दोघी-तिघी जणींनी मला सांगितले की, त्या बचत गटाच्या वर्गणीव्यतिरिक्त हप्त्यातले पाचशे आपापसात फिरवतात आणि ज्या महिन्यात जिचा नंबर, त्या महिन्यात ती शेळी घेते किंवा शिलाई मशीनची उसनवारी फेडते. त्यातल्या थोरल्या बाई म्हणाल्या, "पैसे थोडे असू द्या ताई, पण कोणत्या तारखेला येणार ते सांगा. मग आम्ही आमचं बघतो."

तारखेचीच खात्री मात्र नाही. ग्राहक सेवा केंद्रावर नागलीच्या कामाने रेघा झिजलेला अंगठा यंत्रावर पुनःपुन्हा दाबत "आलेत का बघ रे भाऊ" म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पैसे भलत्याच जुन्या खात्याला गेलेले असतात, कारण आधार त्याला जोडलेले असते, किंवा आलेल्या रकमेतून किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड कापला गेलेला असतो. 2025 मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी, आली, त्यात पती किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला, आणि ज्या पाड्यावर मोबाइलला रेंज मिळवायला टेकाडावर चढावे लागते, तिथे ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपते. ज्या रकमेवर विसंबून आवणीचे नियोजन करायचे, ती या महिन्यात येईल की पुढच्या महिन्यात दोन्ही महिन्यांची एकत्र येईल हे ठाऊक नसेल, तर कुटुंब पुन्हा मुकादमाकडेच जाणार.

पीएम-किसानचे दुखणे वेगळे आहे. ते पैसे जमिनीच्या मालकीशी बांधलेले असल्यामुळे भूमिहीन मजूर त्यातून सुटतो. ज्यांचे वनजमिनीचे दावे निकालात निघालेले नाहीत आणि सातबाऱ्यावर नाव नाही, तेही बाहेरच राहतात. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईकडे हजारो शेतकरी चालत गेले, त्यांची एक मुख्य मागणी हीच जमीन नावावर करण्याची होती.

त्याच वर्षीच्या जुलैत दुसरा मोर्चा निघाला, तो उलट दिशेने, पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे. वसतिगृहातली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात देण्याच्या निर्णयाविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पायी निघाले होते. रोख मदतीचे समर्थन करताना हा मोर्चा विसरता येत नाही. त्यांना मिळत असलेले ताट काढून घेऊन त्या बदल्यात रक्कम दिली जात होती, ती वेळेवर येईल याची त्यांना खात्री नव्हती, आणि गावाकडून घरच्यांची गरज आली की तेच पैसे घरी पाठवावे लागतील हेही त्यांना कळत होते. रेशन, खानावळ, प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या जोडीला रोख पैसे देणे आणि यांच्या जागी रोख पैसे देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाडकी बहीण योजनेसाठी सुरुवातीला वर्षाला 46 हजार कोटींचा अंदाज सांगितला गेला होता. एवढी रक्कम उभी करताना दुसऱ्या कोणत्या कामाला कात्री लागते, हे विचारणारा माणूस गरिबांचा शत्रू ठरत नाही.

बागायतदारांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. केनियाच्या सियाया परगण्यात 2014 ते 2017 या काळात साडेदहा हजार कुटुंबांना प्रत्येकी सुमारे हजार डॉलर दिले गेले, तेव्हा पैसे न मिळालेल्या शेजारच्या घरांचाही खर्च आणि उत्पन्न वाढले. वाटलेल्या एका रुपयामागे स्थानिक अर्थव्यवस्थेत अडीच रुपयांच्या आसपास उलाढाल झाली आणि महागाई नगण्यच वाढली. रक्कम आपल्यापेक्षा कितीतरी मोठी होती, त्यामुळे तोच आकडा इथे लावणे चूक ठरेल. पण सुरगाण्याच्या बाजारात हप्त्याच्या आठवड्यात किराणा, चप्पल, बियाणे यांच्या दुकानांत काय गर्दी असते, ते जाऊन पाहावे.

आमच्या धाकट्या काकांनी यंदा टोळीशी बोलणी केली, तेव्हा मुकादमाने उचल कमी मागितली आणि एकरी दर वाढवून मागितला, तोही कामाला हात लावण्याआधी. काका चिडले, दोन दिवस दुसरी टोळी शोधली, आणि शेवटी थोडा खाली उतरवून तोच दर मान्य केला. छाटणी चार दिवस उशिरा सुरू झाली, कारण टोळीतल्या बहुतेकांची आवणी उशिरा झालेली होती आणि भात काढूनच ते उतरले. लाल वहीत या वेळी नावांखालचे आकडे लहान आहेत. दराचा आकडा मात्र काकांनी पहिल्याच पानावर, तारीख घालून, मुकादमासमोर लिहिला आहे.