नेम चुकला तरी शब्द लागतो : ‘अल्फा प्रोटोकॉल’बद्दल

‘अल्फा प्रोटोकॉल’चं नाव काढलं की खेळणाऱ्यांमध्ये दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, इतका अडखळत चालणारा हेरगिरीचा गेम दुसरा नाही. दुसऱ्याचं म्हणणं, निवडींचा असा खरा परिणाम पुढे फारच कमी गेममध्ये दिसला. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलताहेत आणि दोघांचं बोलणं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहे. भांडण होतं ते पहिला तट बंदुकीबद्दल बोलतो आणि दुसरा संवादाबद्दल, म्हणून.

आधी थोडी माहिती. ऑब्सिडियन एंटरटेनमेंटने केलेला, सेगाने प्रकाशित केलेला हा गेम २०१० साली पीसी, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला. अनरियल इंजिन ३ वर बांधलेला. नायक मायकेल थॉर्टन, एका गुप्त अमेरिकन यंत्रणेचा नवा एजंट. सौदी अरेबियातल्या पहिल्या कामगिरीत त्याची स्वतःचीच माणसं त्याच्यावर उलटतात, आणि मग रोम, तैपेई, मॉस्को ही तीन शहरं तुम्हाला हव्या त्या क्रमाने मोकळी होतात. २०१९ मध्ये संगीताच्या हक्कांची मुदत संपल्यामुळे तो स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून उतरवला गेला, आणि मार्च २०२४ मध्ये जीओजी या तशाच दुसऱ्या दुकानात परत आला. आज खेळायचा तर तीच आवृत्ती घ्या. नव्या कंट्रोलरना ती नीट ओळखते, आणि हे का महत्त्वाचं ते खाली हॅकिंगच्या भागात कळेल.

पहिली तक्रार नेहमीची : ‘मी डोक्यावर नेम धरला, गोळी भिंतीत गेली.’ बरोबर. कारण हा नेमबाजीचा गेम दिसतो, पण आतून आकड्यांवर चालणारा आरपीजी आहे, म्हणजे पात्राची कौशल्यं (स्किल) पायरीपायरीने वाढवत न्यायचा गेम. नेमाचं वर्तुळ तुमच्या हातावर नाही, स्किलच्या पायरीवर आकसतं. पिस्तूल हातात घेऊन लक्ष्यावर तसंच धरून ठेवलं की वर्तुळ हळूहळू लहान होत जातं आणि शेवटी क्रिटिकल, म्हणजे जास्त इजा करणारा, वार तयार होतो. तेवढा वेळ थांबायचं. घाईने ट्रिगर दाबत सुटलात तर पहिले तीन-चार तास गोळ्या वाया जाणार, हे लिहून घ्या. आडोशामागून वर्तुळ आकसू द्यायचं, मगच डोकं बाहेर काढायचं.

एकूण नऊ स्किल आहेत. तुम्ही निवडलेली तीन पंधराव्या पायरीपर्यंत जातात, बाकीची दहावर अडतात. इथे खेळणाऱ्यांचं जवळजवळ एकमत आहे आणि ते योग्यही आहे : पिस्तूल आणि स्टेल्थ (लपतछपत वावरणं) ही जोडी घ्या. पिस्तुलाचं ‘चेन शॉट’ वेळ थांबवल्यासारखं करून एकामागून एक गोळ्या नेमून देऊ देतं. स्टेल्थचं ‘शॅडो ऑपरेटिव्ह’ काही सेकंद तुम्हाला चक्क अदृश्य करतं, अगदी पहारेकऱ्याच्या नाकासमोरून चालत गेलात तरी. दोन्ही वर चढली की गेमचा समतोलच मोडतो. तिसरी जागा मी सॅबोटाजला देईन, कुलपं आणि संगणक सोपे व्हावेत म्हणून. पुष्कळ जण टफनेस, म्हणजे जास्त मार सोसण्याचं स्किल, घेतात. बॉसच्या, म्हणजे मोठ्या खलनायकांशी होणाऱ्या, लढती नकोशा वाटत असतील तर तेही चालेल. शॉटगनवाल्यांना मात्र पहिल्या वेळी नशीब आजमावू नका असंच सांगेन. जवळ जाऊन मारायचं हत्यार आणि चोरपावलांनी चालणारा नायक यांचं जमत नाही.

सुरुवातीलाच पार्श्वभूमी निवडायची असते. ‘रिक्रूट’ घेतलीत तर सुरुवातीचे स्किल पॉइंट मिळत नाहीत. मग खेळ कठीण जातो, पण तो पूर्ण केल्यावर ‘व्हेटरन’ खुली होते आणि तिच्यात जादा पॉइंटबरोबर संवादातही वेगळे पर्याय येतात. पहिल्याच वेळी रिक्रूट घेणारा माणूस हौशीच म्हणायला हवा.

स्टेल्थ मात्र, खरं सांगायचं तर, साधारणच आहे. पहारेकरी कधी समोरचा माणूस पाहत नाही, कधी पाठमोरा असून वळतो. स्टेल्थमधलीच ‘अवेअरनेस’ ही क्षमता वापरून भिंतीपलीकडचे शत्रू आधी पाहून घ्यायचे आणि मग वाट ठरवायची, हाच भरवशाचा उपाय. मागून जाऊन पाडताना मारायचं की बेशुद्ध करायचं ते तुमच्या हातात असतं, आणि पिस्तुलात गुंगीच्या गोळ्याही घालता येतात. कोणी पळत भोंग्याकडे निघालाच तर त्याच्या मागे धावण्यापेक्षा भोंग्याची पेटी निकामी करणं स्वस्त पडतं. मिशनच्या मध्ये हवं तिथे सेव्ह करता येत नाही, फक्त चेकपॉइंट, म्हणजे गेमने ठरवलेल्या जागी आपोआप होणारं सेव्ह. म्हणून नवीन दालनात शिरण्याआधी मागच्या दालनातलं काम पूर्ण करा. चुकलात तर पाच-सात मिनिटं परत चालावी लागतात.

आता ते बदनाम मिनिगेम, म्हणजे कुलूप, भोंगा, संगणक उघडताना येणारी छोटी कोडी. तीन प्रकार आहेत. कुलपात पिना एकेक करून योग्य उंचीवर आणून अडकवायच्या. सर्किटमध्ये आकड्यांपासून निघालेल्या तारा डोळ्यांनी शोधत १, २, ३ या क्रमाने दाबायच्या. दोन्ही निभावतात. सर्किटची युक्ती एवढीच की पहिला आकडा दाबण्याआधी पुढचे दोन शोधून ठेवायचे. घड्याळ चालूच असतं, तुम्ही थांबलात म्हणून ते थांबत नाही.

हॅकिंग हे खरं दुखणं. पडद्यावर अक्षरांची आणि आकड्यांची जाळी, त्यातली बहुतेक अक्षरं सतत बदलत राहतात. दोन ओळी मात्र स्थिर असतात. त्या शोधून त्यांच्यावर तुमचे दोन संकेत बसवायचे, एक कीबोर्डने हलवायचा आणि दुसरा माऊसने. पीसीवर माऊसचा संकेत घसरतो, ओढला तिथे राहत नाही. म्हणून लोक वैतागून गेम सोडतात. दोन गोष्टी मदत करतात. एक : अक्षरं वाचायला जाऊ नका. नजर सैल सोडून संपूर्ण जाळीकडे पाहा, म्हणजे जे हलत नाही ते आपोआप उठून दिसतं. दोन : कीबोर्डचा संकेत आधी बसवून मोकळे व्हा, मग फक्त माऊसकडे लक्ष द्या. आणि कंट्रोलर असेल तर एवढ्या भागापुरता सरळ तो हातात घ्या. नाहीच जमलं तर ईएमपी. हे उपकरण इलेक्ट्रॉनिक कुलूप आणि संगणक सरळ बाजूला करतं. प्रत्येक मिशनला काही खिशात ठेवा, पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

हे सगळं वाचून कोणी विचारेल, मग खेळायचा तरी कशासाठी? संवादासाठी.

इथला संवाद असा चालतो. समोरचा बोलत असतानाच तुमच्यासमोर पर्याय येतात आणि घड्याळ सुरू होतं. पूर्ण वाक्य दिसत नाही, नुसता पवित्रा दिसतो : रुबाबदार आणि थट्टेखोर, कामापुरता आणि थंड, किंवा अंगावर जाणारा. चौथी जागा अधूनमधून वेगळ्याच कृतीला दिलेली असते. मॉस्कोत ग्रिगोरी नावाचा माहिती विकणारा दारूच्या गुत्त्यात भेटतो. त्याच्याशी गोड बोलता येतं, पैसे देता येतात, आणि दांडगाईही करता येते. वेळ संपेपर्यंत गप्प बसलात तर गेम स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मागे जाता येत नाही. ‘हे बोललो असतो तर काय झालं असतं’ हे पाहायला परत चेकपॉइंटपर्यंत जावं लागतं, आणि हाच त्याचा सर्वांत हुशार भाग आहे. घाईत बोललेलं वाक्य तुमचंच राहतं.

बहुतेक खेळणारे इथे एक चूक करतात. सगळ्यांना खूश ठेवायला जातात. प्रत्येक व्यक्तीशी तुमचं नातं आकड्यात मोजलं जातं, आणि लोकांना वाटतं आकडा वर गेला म्हणजे जिंकलो. तसं नाही. कोणी तुमचा द्वेष केला तरी त्याचा पर्क, म्हणजे छोटा कायमचा फायदा, मिळतो, फक्त वेगळा. चिडलेला शत्रू चुका करतो, आवडलेला मित्र मदत पाठवतो. सगळ्यांशी कोमट राहणाऱ्याला दोन्हीकडून काही मिळत नाही. म्हणून भेटीआधीच ठरवा, हा माणूस मला हवा आहे की मला त्याला पेटवायचं आहे. स्टीव्हन हेकसारखा वेडसर हस्तक भेटला की त्याच्या वेडाला साथ द्या, तो खूश होतो. सुरक्षित घरात येणाऱ्या ईमेलनाही उत्तर द्या. ईमेलमधल्या एका वाक्यानेसुद्धा नातं सरकतं, आणि निम्मे लोक ती उघडतच नाहीत.

त्याहून मोठं हत्यार म्हणजे माहिती. प्रत्येक व्यक्तीची आणि संघटनेची एक फाइल असते, तिला डॉसिए म्हणतात. मिशनमधले संगणक, कपाटं, काळ्या बाजारातली खरेदी यांतून ती तुकड्यातुकड्याने भरते. काळ्या बाजारात बंदुकीआधी माहिती विकत घ्या, हा माझा आग्रह. मिशनचा नकाशा किंवा पहाऱ्याची माहिती तर मिळतेच, पण फाइल भरली की संवादात असे पर्याय उघडतात जे एरवी दिसतही नाहीत.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण सांगतो. शेवट माहीत करून घ्यायचा नसेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.

रोममधल्या शेवटच्या मिशनमध्ये तिथला खलनायक मारबर्ग तुम्हाला कोंडीत पकडतो : संग्रहालयातले बॉम्ब निकामी करा, नाहीतर रोममध्ये तुमच्या सोबत आलेल्या मॅडिसन सेंट जेम्सला वाचवा. दोन्ही होत नाही. बॉम्बकडे गेलात तर मॅडिसन मरते. बहुतेक जण हा नुसता नैतिक प्रश्न समजून पुढे जातात. पण मॅडिसनची फाइल पूर्ण केली असेल तर कळतं की ती पार्करची मुलगी आहे. पार्कर म्हणजे तुमच्याच यंत्रणेतला, शेवटी समोरच्या बाजूला उभा असलेला थंड डोक्याचा विश्लेषक. मॅडिसन गेली असेल तर शेवटच्या भेटीत हे त्याच्या तोंडावर सांगता येतं, आणि तो आपल्याच धन्यावर, म्हणजे शस्त्रास्त्र कंपनीचा प्रमुख आणि गेमचा मुख्य खलनायक लेलँड याच्यावर, उलटतो. गोळी न झाडता एक माणूस कमी. रोममध्ये कपाटं उघडली नसतील तर हा पर्याय तुम्हाला दिसतच नाही, आणि तो होता हेही कळत नाही.

निवडींबद्दलचा आणखी एक मुद्दा : इथे चांगला आणि वाईट असा काटा नाही. सौदी अरेबियात शस्त्रांचा दलाल नसरी सापडतो. त्याला सोडलात तर तो पुढे तुम्हाला शस्त्रं विकतो, म्हणजे सोडण्यामागे दया नाही, सौदा आहे. दहशतवादी संघटनेचा म्होरक्या शेख शहीद याला मारायचं, पकडायचं की त्याच्याशी हातमिळवणी करायची, याचा हिशेब तर शेवटपर्यंत चालतो. सगळी गोष्टच मुळात लेलँड थॉर्टनची उलटतपासणी घेतोय अशा चौकटीत सांगितली आहे, त्यामुळे तुम्ही केलेली प्रत्येक गोष्ट शत्रूच तुम्हाला सुनावतो. हवं तर शेवटी त्याच्या बाजूला जाताही येतं.

शहरांचा क्रमही फरक पाडतो. आधीच्या शहरात जोडलेला माणूस पुढच्या शहरात हँडलर, म्हणजे मिशनभर रेडिओवरून सूचना देणारा, म्हणून कानात बोलू शकतो, आणि हँडलरनुसार मिशनला वेगळा फायदा मिळतो. तैपेई आधी करून मॉस्को शेवटी ठेवा, असं मी पहिल्या वेळेला सुचवेन. कारण मॉस्कोच्या शेवटी ब्रायको आहे.

ब्रायकोवर खेळणाऱ्यांनी जितके शिव्याशाप खर्च केले आहेत तितके बाकी सगळ्या बॉसवर मिळूनही केले नसतील. ऐंशीच्या दशकाचं वेड लागलेला रशियन गुंड, मागे ऑटोग्राफ बँडचं ‘टर्न अप द रेडिओ’ वाजतंय, आणि तो कोकेन ओढून सुरा घेऊन धावत येतो. त्या नशेच्या वेळात त्याच्यावर गोळ्या झाडणं म्हणजे दारूगोळा फुंकून टाकणं. ही लढत लोक हरतात ते इथेच, चेन शॉट या वेळेला वापरून. तसं करू नका. पळा, मध्ये सामान ठेवून त्याला फिरवत राहा, नशा उतरू द्या. मग तो उघड्यावर थांबला की चेन शॉटच्या सगळ्या गोळ्या डोक्यात. पुन्हा पळा, चेन शॉट भरेपर्यंत. मेडकिट (जखम भरून काढणारी पेटी) मिशनमध्ये इतरत्र एकही खर्च न करता इथे आणा. आणि ब्रायकोच्या वाड्यात शिरण्यापूर्वी गोळ्यांचा साठा भरून घ्या, कारण दार मागे बंद झाल्यावर दुकान नाही.

दुसऱ्यांदा खेळाल तेव्हा शहरांचा क्रम बदला, पार्श्वभूमी बदला, आणि ज्याच्याशी पहिल्या वेळी गोड बोललात त्याच्या तोंडावर दार आपटा. गेम फार मोठा नाही, पंधरा-वीस तासांत संपतो. फक्त हॅकिंगचा माऊस तेवढा तसाच घसरत असतो.