काळ्या शर्टावरचा कोंडा

एक नोव्हेंबर जवळ आला की बेळगावात काळे शर्ट कपाटातून बाहेर येतात. त्या तारखेला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात घातलं गेलं. १९५६ सालापासूनचं आमचं हे दुखणं, त्या दिवशी निषेध म्हणून काळं घालून सायकल फेरीत जायचं. परवा दुपारी मी तोच शर्ट गॅलरीत झटकत होतो, तर वरच्या मजल्यावरून काका ओरडले, "शर्ट झटकून काय हुतंय बे, डोस्कं झटक!" बरोबर आहे. फेरीत मागच्या सायकलवाल्याला पुढच्याचे खांदेच दिसतात. निषेध काळाकुट्ट आणि त्यावर कोंडा पांढराशुभ्र.

आमच्या घरी डोक्याच्या प्रत्येक तक्रारीवर एकच औषध. कोंडा झाला, तेल लाव. केस गळतायत, तेल लाव. गणितात नापास झालास, तेल लाव. मग एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी माझी टाळू बघितली आणि म्हणाल्या, मॅलासेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते, ती टाळूच्या तेलावरच जगते, तुम्ही रोज रात्री तिला पंगत वाढताय. आईला हे सांगितलं तर ती डॉक्टरीणबाईंवरच रागावली. खोबरेलाबद्दल वाईट बोललेलं आमच्यात खपत नाही.

बाईंनी किटोकोनॅझोलचा, म्हणजे बुरशी मारणारा शाम्पू दिला, आठवड्यातून दोनदा. खरी मेख पुढेच आहे. लावून पाच मिनिटं तसाच ठेवायचा. लोक लगेच धुतात आणि मग औषधाला नावं ठेवतात. पण डिसेंबरातल्या बेळगावात, ओल्या अंगानं, डोक्यावर फेस घेऊन पाच मिनिटं उभं राहून बघा. मी त्या वेळात पाढे म्हणतो. एकोणतीसाच्या पाढ्याला दरवेळी अडकतो, तोवर वेळ होते. कोंडा जातो, शाम्पू सोडला की परत येतो. चालायचंच.

उवांचं मात्र वेगळं. त्यात एक सोहळा होता. खानापूरकडच्या आजोळी, पावसानं उघडीप दिली की कट्ट्यावर बायका ओळीनं बसायच्या, एकीच्या पुढ्यात दुसरी, दुसरीच्या पुढ्यात तिसरी. आजीच्या पुढ्यात अक्का. मांडीवर जुनं पांढरं धोतर अंथरलेलं. लाकडी फणी टाळूला टेकवून शेंड्यापर्यंत ओढायची, धोतरावर आपटायची, की काळी ऊ पाय हलवत पळायला बघायची. मग दोन अंगठ्यांची नखं. टच्च. तो आवाज मला अजून ऐकू येतो. गावातली लग्नं ठरली-मोडली ती ह्याच ओळीत. उवा उड्या मारत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चालत जातात, तेव्हा आमच्या बायका एकमेकींना बातम्यांबरोबर काय काय देत होत्या कुणास ठाऊक. लिखा आठवड्याभरात फुटतात. आजीला ते कुणी शिकवलं नव्हतं, पण दर रविवारी फणी फिरायचीच, आणि नुसत्या फणीनं डोकं साफ व्हायचं. शेजारी एकीनं पोरीच्या डोक्याला रॉकेल चोळलं, टाळू सोलवटून निघाली. आजीनं तिला चारचौघींत झाडलं होतं.

त्या ओळीत एक मावशी कधी बसली नाही. तापातून उठल्यावर तिच्या केसांचा गुंता झाला होता. सोडवायच्या आधीच कुणीतरी म्हणालं, जट आली, यल्लम्मा आली. सौंदत्ती आमच्याच जिल्ह्यात, देवी काही लांबची नाही. गुंत्याला भंडारा लागला, फणी आणि पाणी बंद झालं. मी बघितलं तेव्हा जट कमरेपर्यंत आली होती, दोरखंडासारखी कडक, आणि वजनानं तिची मान एका बाजूला कललेली. आत उवा होत्याच. बोट शिरत नसे म्हणून ती छत्रीची काडी घालून खाजवायची. कधी काडीच्या टोकाला रक्त दिसायचं.

मी आजीला विचारलं होतं, तिची फणी का करत नाहीस? गल्लीतलं कुठलंही पोर बखोटीला धरून पुढ्यात बसवणारी आजी म्हणाली, "देवीचं हाय ते. हात लावू नये."

अशी जट आली की मुलगी देवीला सोडायचे. त्या सोडण्यावर कर्नाटकात १९८२ साली कायद्यानं बंदी आली. जटेला कात्री पुरते, आणि त्या बाईचा होकार. अंधश्रद्धा निर्मूलनवाले कार्यकर्ते घरी बसून, समजूत घालून जट कापून देतात. आमच्या मावशीला कुणी तसं विचारल्याचं मला तरी आठवत नाही.