एक फोटो, तीन अक्षरं

माझी बॅच 2004 ची, म्हणजे नाशिकच्या सिंहस्थाच्या वर्षी दहावीला असलेली. शाळेत माझी ओळख एकच, घाणेरडं अक्षर. पाचवीत पहिल्याच आठवड्यात बाईंनी माझी वही उंच धरून अख्ख्या वर्गाला दाखवली आणि तिथून पुढे मी काहीही लिहिलं तरी वाचायच्या आधीच मार्क ठरलेले असायचे, निदान मला तरी तसंच वाटायचं.

आणि ह्याच पोराला चित्रकलेच्या सरांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीला बसवलं. त्यात अक्षरलेखन असतं, मी म्हटलं सर मेलोच. सर म्हणाले, "तू अक्षर लिहू नकोस, काढ." बस एवढंच. सर आम्हाला पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात पण घेऊन गेले होते, आपल्या त्र्यंबकचा हा माणूस सिनेमाच्या आधी फोटोग्राफर होता आणि छपाईच्या धंद्यात पण होता असं सांगत होते, आमचं लक्ष डब्यात.

पुढे पुण्यात कमर्शियल आर्टला गेलो. 2010 ला फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय घेतला 'पहिली छाप'. छाप पाडणं आणि छापणं, मराठीत एकाच शब्दात दोन्ही बसतं, मला तेवढंच पुरलं. नेटवर वाचलं होतं की प्रिन्स्टनच्या विलिस आणि टोडोरोव्ह ह्यांनी 2006 मध्ये लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा दहावा हिस्सा दाखवले, तेवढ्यात माणूस विश्वासू आहे की नाही ह्यावर लोकांचं मत तयार. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, फक्त खात्री वाढते. हे वाचून मला एकदम पाचवीचा वर्ग आठवला.

मग मी कॅमेरा घेऊन शाळेत आलो आणि शिपाईमामांना उभं केलं, घंटेखाली, ऑइलपेंटच्या भिंतीला टेकून. म्हटलं हसू नका, रागावू पण नका. मामा प्रतिज्ञेला उभे राहतात तसे हात खाली सोडून उभे. फोटो एकच, प्रिंट तीन, आणि प्रत्येकावर खाली फक्त मामांचं नाव, दुसरा एक शब्द नाही. एकावर लग्नपत्रिकेतलं वळणदार अक्षर, दुसऱ्यावर फ्लेक्सवरचं जाड पिवळं, लाल पट्टीवर पांढरी बॉर्डर मारलेलं, तिसऱ्यावर बारीक काळं आणि आजूबाजूला भरपूर मोकळी जागा.

हे घेऊन सीबीएस बसस्टँडला गेलो, बसची वाट बघणारे कुठे पळून जात नाहीत. फोटो पुठ्ठ्याखाली झाकायचा, झटकन उघडायचा, परत झाकायचा, दहावा हिस्सा कुठला मोजणार, सगळं अंदाजपंचे. पत्रिकावाल्याला बहुतेक जण म्हणाले मुलीचे वडील. फ्लेक्सवाल्याला एक आजोबा म्हणाले "नगरसेवक", मी म्हटलं बाबा नीट बघा, वेळ घ्या. त्यांनी चष्मा पुसला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "आमच्या पंचवटीतलेच की हे, मी ओळखतो ना." मामा सिन्नरचे!

तिसऱ्यात मात्र घोळ झाला. ते नाव मी आधी कॉम्प्युटरवर मंगल फॉन्टमध्ये टाकलं होतं. मामांच्या नावात ल आहे आणि मंगलमधला ल हिंदी वळणाचा, दंड असलेला. एक बाई म्हणाल्या, "बँकेतून आलात का? आम्हाला लोन नको." एका ल पायी! मग रात्री बसून आपला मराठी ल हाताने काढला, नवीन प्रिंट मारली. दुसऱ्या दिवशी तोच फोटो बघून एकीने हात जोडले आणि हळूच विचारलं, "कधी गेले?"

कॉलेजात 'लोक किती, पद्धत काय' वगैरे विचारून बऱ्यापैकी मार्क दिले, जाऊदे.

मामांना मी पहिले दोनच दाखवले, तिसरा पिशवीत ठेवला होता. त्यांनी पिशवीतून काढलाच. मला घाम फुटला. मामा बराच वेळ बघत बसले, नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा सगळ्यात चांगला आलाय. पण आत्ता नको रे, तुझ्याकडंच ठेव." नगरसेवकवाला घेतला आणि घंटेच्या बाजूच्या खोलीत लावला, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितला असेल. आता रिटायर होऊन गावी असतात, फोन केला की पहिलं विचारतात, तो तिसरा जपून आहे ना.

परवा स्मरणिका कमिटीचा मेसेज आला, मनोगत आणि एक पासपोर्ट फोटो पाठवा. दोन्ही पाठवतोय. फोटोखाली नाव कुठल्या अक्षरात टाकताय तेवढं छापायच्या आधी मला दाखवा, प्लीज.