बंधारा गप्प झाला त्या सकाळी

स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीस गावात निथ नदीला पूर आलाय हे मला डोळ्यांआधी कानांनी कळलं. डेव्होर्गिला पुलाच्या जरा खाली अठराव्या शतकातला एक दगडी बंधारा आहे. गिरण्यांना पाणी मिळावं म्हणून बांधलेला. इथली माणसं त्याला 'कॉल' म्हणतात (फोनशी काही संबंध नाही). एरवी त्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. त्या सकाळी तो नव्हता. बंधाऱ्याच्या वरचं नि खालचं पाणी एका पातळीत आलेलं, कोसळायला जागाच उरली नव्हती.

डिसेंबर संपत आला की इथे पावणेनऊच्या सुमारास सूर्य उगवतो आणि पावणेचारच्या सुमारास मावळतो. म्हणजे फोटोंसाठी जेमतेम सात तास, तेही ढगांनी कृपा केली तर. मी उजाडायच्या आतच व्हाइटसँड्सच्या वरच्या गल्लीत ट्रायपॉड लावून उभी होते.

व्हाइटसँड्स म्हणजे नदीकाठचा रस्ता आणि त्याला लागून गाड्यांचा तळ. पूर्वी इथे गुराघोड्यांचा बाजार भरायचा. जागा सखल. उत्तरेच्या डोंगरांत पाऊस लागून राहिला की नदी फुगून येते, आणि नेमकी त्याच वेळी सॉलवेच्या खाडीतून भरती चढत असेल, तर पाणी पुढे सरायला तयार होत नाही. मग ते रस्त्यावर येतं. ३० डिसेंबर २०१५ च्या फ्रँक वादळात असंच झालं होतं. काठाला उंच बांध घालावा की नाही यावर गावात वर्षानुवर्षं वाद चाललाय. एकाला दुकान वाचवायचंय, दुसऱ्याला नदी दिसायला हवी, तिसऱ्याला गाडी लावायला जागा. तिघांचंही मला पटतं, म्हणून मी त्या विषयात तोंड उघडत नाही.

पहिले चाळीसेक फोटो वाया गेले. शटर जास्त वेळ उघडं ठेवून पाणी रेशमासारखं गुळगुळीत केलं. मागे पुलाच्या कमानी, वर करडं आभाळ. चित्र सुंदर, पण त्यात पूर कुठेच नव्हता. नुसती एक रुंद नदी होती. डोळ्याला माप मिळत नव्हतं. मग लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर काढून टाकला, कारण तो पाण्यावरची चमक खातो आणि गढूळ पाणी नुसत्या चिखलासारखं दिसतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, १६०० वर नेला आणि सुंदर पूल सोडून सामान्य वस्तू शोधायला लागले. नुसती पाठ वर राहिलेला बाक. गळ्यापर्यंत बुडालेला पार्किंगचा फलक. थांब्याच्या खांबाला अडकून गरगरणारी प्लास्टिकची खुर्ची. आता कुठे पूर दिसायला लागला.

समोरच्या टेकडीवर, जुन्या पवनचक्कीच्या मनोऱ्यात, १८३६ पासूनचा कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे, म्हणजे भिंग-आरशाने बाहेरचं दृश्य आत पाडणारं यंत्र. अंधाऱ्या खोलीत टेबलावर अख्खं गाव हलताना दिसतं. पूर बघायला याहून चांगली जागा नाही, पण त्याला लागतं स्वच्छ ऊन, आणि हिवाळ्यात तो बंदच असतो. दोनशे वर्षांच्या घरात आलेला हा कॅमेरा माझ्यापेक्षा शहाणा आहे. पावसात तो काम करत नाही.

पाण्यात मात्र उतरले नाही. वाहतं पाणी घोट्याच्या वर आलं तरी माणसाला पाडू शकतं, आणि खाली गटाराची झाकणं उचललेली असली तर ती दिसत नाहीत. एक तरुण उत्साहाने गमबूट घालून शिरला, चार पावलांत परतला.

दुपारी भरती ओसरली तसं पाणी पायरी-पायरीने मागे हटलं. डिझेल आणि चिखलाचा वास सुटला. एक वयस्क दुकानदार वाळूच्या गोण्या दारातून बाजूला करत होते. माझा कॅमेरा बघून म्हणाले, "फोटो काढायला आलात?"

मी ओशाळून "हो" म्हटलं.

"मग आत या. जरा कामाचेही काढा."

त्यांना विम्यासाठी हवे होते. भिंतीवरच्या ओल्या रेषेला त्यांनी मोजपट्टी लावली: ४१ सेंटीमीटर. मग खाली फुगलेली दाराची फळी, फ्रीजरचं तळ, विजेचं सॉकेट. सगळं समोरून, फ्लॅश मारून, आकडा वाचता येईल असं. एकूण अकरा फोटो, एकाहून एक रुक्ष. रात्री ईमेलने पाठवले.

दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं: सॉकेटजवळचा आकडा फ्लॅशने पुसलाय, पुन्हा येता येईल का? निघाले. पुलाशी पोचायच्या आधीच बंधाऱ्याचा आवाज ऐकू आला.