मध्यरात्री बंद झालेला रेडिओ

२१ डिसेंबर २०२३ च्या रात्री उत्तर समुद्रात हिवाळी वादळ उठले आणि नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या तोंडाशी असलेला मास्लांट हा प्रचंड वादळरोधक दरवाजा पाणी चढत असल्याचे ओळखून आपोआप मिटला. १९९७ साली तो बांधून झाला, तेव्हापासून वाढत्या पाण्यामुळे यंत्रणेने स्वतःहून तो बंद करण्याची ती पहिलीच वेळ होती. माझी मुलगी आणि जावई त्याच शहरात राहतात. इकडे लातूर जिल्ह्यातील औशात दूरचित्रवाणीवर उसळणाऱ्या लाटा पाहून माझा जीव थाऱ्यावर नव्हता, मी फोन केला तेव्हा मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, काळजी करू नकोस. दार लागलंय, आम्ही आता झोपतोय." समुद्र दाराशी आलेला असताना एका शहराला अशी झोप कशी लागू शकते, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

पुढच्या हिवाळ्यात तिच्याकडे गेले, तेव्हा तिने मला झीलंड प्रांतातील औवरकेर्क या गावी नेले. तेथे काँक्रीटच्या चार अवाढव्य पेट्यांमध्ये १९५३ च्या महापुराचे संग्रहालय आहे. याच पेट्या खाडीत बुडवून त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तेथील बांधाचे शेवटचे मोठे भगदाड बुजवण्यात आले होते. म्हणजे फेब्रुवारीत घुसलेल्या समुद्राला काही गावांतून बाहेर काढायला नऊ महिने लागले होते.

३१ जानेवारी १९५३ हा शनिवार होता. वायव्येकडून आलेल्या वादळाने समुद्राचे पाणी दक्षिणेकडे ढकलले. तो समुद्र दक्षिणेला चिंचोळा होत जात असल्यामुळे पाणी वर चढत गेले, आणि नेमकी तीच वेळ मोठ्या उधाणाची होती. मध्यरात्रीनंतर बांध फुटू लागले. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे गेली, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ गेली. परंतु मला सर्वांत जास्त हलवून गेली ती एक साधी गोष्ट: हवामान खात्याने धोकादायक उंचीच्या पाण्याचा इशारा आधीच दिलेला होता. तारेने इशारे मिळवण्यासाठी नाव नोंदवावे लागत असे आणि ज्यांना पुढे फटका बसला त्यांतील बहुतेकांनी ते नोंदवलेले नव्हते. कचेऱ्या सुट्टीमुळे बंद होत्या. आणि राष्ट्रीय रेडिओ नेहमीप्रमाणे मध्यरात्री कार्यक्रम संपवून बंद झाला. लोक झोपलेलेच राहिले. त्या दालनात मी बराच वेळ उभी राहिले, कारण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्हीही असेच झोपलेलो होतो. भूकंपाचा इशारा कोणालाच देता येत नाही, हे मला माहीत आहे. पण ज्या संकटाचा इशारा हातात होता तेथेही माणसे अंथरुणातच बुडाली, हे समजल्यावर मनाला जो चटका बसतो तो वेगळ्या प्रकारचा असतो.

लोकांचा प्रतिसाद मात्र विलक्षण होता. टेलिफोनच्या तारा तुटल्या, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी घरगुती यंत्रांवरून बुडालेल्या गावांची हाक बाहेर पोहोचवली. शासकीय यंत्रणेला विनाशाचा पुरता अंदाज येण्याआधीच मासेमार आपल्या नावा घेऊन पाण्यात शिरले आणि त्यांनी छपरांवर बसलेली कुटुंबे उतरवून घेतली. रविवारी दुपारी भरतीचे पाणी दुसऱ्यांदा चढले, आणि रात्रभर छपरावर तग धरून राहिलेली कितीतरी माणसे त्या वेळी गेली. रॉटरडॅमच्या बाजूला एका नाविकाने आपली नावच बांधाच्या भगदाडात आडवी घातली आणि मागच्या सखल प्रदेशातील लाखो लोकांवरचे संकट टळले. नंतर रेडिओवरून 'थैल्या उघडा, बांध बुजवा' अशा अर्थाची हाक देऊन देशभर निधी गोळा करण्यात आला. कपड्यांचे तर इतके ढीग आले की ते वर्गवार लावता लावता मदत करणारे थकून गेले.

कपड्यांच्या ढिगाचे ते छायाचित्र पाहताना मला किल्लारीचे दिवस आठवले. तेव्हा मी शाळेत नव्याने शिकवू लागले होते आणि आम्हा शिक्षिकांना मदतीच्या एका छावणीत कपडे निवडायला बसवले होते. देशभरातून मालमोटारी येत होत्या, देणाऱ्यांच्या मनात कळवळा होता याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण वरून पाऊस पडत असताना लोकांना ताडपत्री, भांडी आणि कंदील हवे होते, आणि आमच्यासमोर जरीच्या साड्या व कोट येऊन पडत होते. नऊवारी नेसणाऱ्या एका म्हातारीने माझ्या हातातील पाचवारी साडी पाहून ती मुकाट्याने परत ठेवली, ते मी विसरलेले नाही.

डच लोकांकडून घ्यावे असे मला जे वाटते ते त्या पहिल्या आठवड्यातील कळवळ्याच्या पुढचे आहे. योहान व्हान व्हीन नावाचे अभियंते बांध अपुरे असल्याचे कित्येक वर्षे सांगत होते आणि त्यांचे ऐकले गेले नव्हते. महापुरानंतर त्याच फेब्रुवारीत डेल्टा आयोग नेमला गेला आणि व्हान व्हीन यांच्याच विचारांवर खाड्यांची मुखे बंद करण्याची योजना उभी राहिली. सत्तरच्या दशकात ओस्टरस्खेल्डे ही खाडी कायमची बंद करण्याची वेळ आली, तेव्हा मासेमार, कालवे-शिंपले जोपासणारे व्यावसायिक आणि निसर्गाची कळकळ असलेले लोक विरोधात उभे राहिले, कारण खारे पाणी अडले असते तर खाडीतील जीवसृष्टीच संपली असती. मोठा वाद झाला आणि सरकारने आराखडा बदलला. एरवी उघडे राहणारे आणि वादळातच खाली येणारे ६२ पोलादी दरवाजे तेथे बसवले गेले, आणि १९८६ साली ते काम पुरे झाले. आपत्तीची आठवण तेहतीस वर्षे जागी ठेवणे आणि त्याच वेळी तिच्या नावाखाली कोणाचा घास हिरावू न देणे, या दोन्ही गोष्टी एकाच जनतेने केल्या, याचा मला मनापासून आदर वाटतो.

आमच्या मराठवाड्याला समुद्र नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने गहू, ज्वारी आणि द्राक्षबागा आडव्या केल्या. दर वर्षी वळवाच्या पावसात विजा माणसे आणि जनावरे नेतात. आता पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेची सूचना देते, मोबाईलवर संदेशही येतात. तरीही गेल्या वैशाखात आमच्या शेतात वीज पडून बैल दगावला, तेव्हा संदेश माझ्या फोनवर आलेला होता आणि मी तो औशात बसून वाचला होता. आखाड्यावर, म्हणजे शेतातील वस्तीवर, राहणाऱ्या सालगड्याची बायको मला म्हणाली, "बाई, फोन त्यांच्याजवळ हाय, ते बाजारला गेलते. मला कोण सांगावं?" तिच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. चूक माझी होती. एक फोन शेजारच्या शेतात केला असता तरी तिने बैल झाडाखालून सोडला असता.

त्यानंतर गावातील काही तरुण आणि मी मिळून एक वही केली आहे. इशारा आला की देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून तो सांगायचा, असे दोन्हीकडच्या मंडळींनी मान्य केले. भोंग्याचा आवाज जेथे पोहोचत नाही असे १७ आखाडे वहीत लिहिले आहेत. त्यांपैकी ५ ठिकाणी दिवसा एकही फोन नसतो. त्या प्रत्येकाच्या पुढे मोटारसायकलवर निरोप घेऊन जाणाऱ्या मुलाचे नाव आहे, आणि तो गावात नसेल तर कोणी जायचे, त्याचेही.