हाताच्या तीन सावल्या

आठवीत एलिमेंटरीची तयारी चालली होती तेव्हाची गोष्ट, साल १९८७. चित्रकलेच्या सरांनी सांगितलेलं की मूळ रंग तीन, लाल पिवळा निळा, बाकी सगळे ह्यातूनच होतात. आणि त्याच आठवड्यात विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, प्राथमिक रंग लाल, हिरवा, निळा. मी हात वर केला, बाई, हिरवा तर पिवळा आणि निळा कालवून होतो ना, मग तो मूळ कसा? बाई रागावल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्या सरांकडे गेल्या, दोघांचं काय बोलणं झालं कोण जाणे, पण शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आमच्या वर्गाला थांबवून घेतलं.

खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. गॅदरिंगच्या लाइटला लावायचे जिलेटीन पेपर होते, ते तीन बॅटऱ्यांच्या तोंडावर रबरबँडने बसवले. भिंतीवर लाल उजेड पडला, त्यावर हिरवा आणला आणि मधे चक्क पिवळं! सगळा वर्ग ओरडला, कारण डिशमधे लाल-हिरवा कालवला की शेणासारखं होतं हे प्रत्येकाने केलेलं. निळ्या बॅटरीचा उजेड फारच मंद होता म्हणून सर ती घेऊन पार भिंतीजवळ गेले, थोडं मागेपुढे केलं, आणि तिन्ही जिथे एकत्र पडले तिथे पांढरं झालं, अगदी दुधासारखं नाही, किंचित पिवळट, पण पांढरंच.

मग बाईंनी मला हात मधे धरायला लावला. एका हाताच्या तीन सावल्या आणि तिन्ही रंगीत, एक आकाशी, एक राणी कलरची, एक पिवळी. हाताने लाल अडवला तिथे हिरवा आणि निळा उरतो म्हणून आकाशी, असं करत बाईंनी एकेक सावली उलगडली. म्हणाल्या, उजेडात उजेड मिसळला की उजेड वाढतो, पण रंग उजेड खातो, रंगात रंग मिसळला की खाणारे वाढतात म्हणून काळपट होतं.

पुढे मी प्रिंटिंगमधे आलो, ऑफसेटवर हेल्पर. पहिल्याच दिवशी मशीनमनने शाईचे डबे उघडले, सायन, मॅजेंटा, यलो आणि काळा. आकाशी, राणी, पिवळा! मी बघतच राहिलो, माझ्या हाताच्या सावल्या डब्यात भरून ठेवलेल्या. सायन शाई लाल उजेड खाते, मॅजेंटा हिरवा, यलो निळा, म्हणजे बाईंचे तीन रंग एकेक करून खाणाऱ्या ह्या तीन शाया, आणि सरांचा लाल म्हणजे राणीवर पिवळा चढला की जो होतो तो. आजही गिऱ्हाईक मोबाईलवर झळझळीत पोपटी दाखवतं आणि छापून हातात आला की म्हणतं रंग मेला. त्याला बसवून सांगतो, दादा, स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त पडलेला उजेड परत देतो, तेवढा पोपटी चार शायांत निघत नाही.

ही स्मरणिका आमच्याच प्रेसला छापलीय. मुखपृष्ठावर शाळेची लाल कौलं आहेत ना, त्यावर भिंग धरून बघा, लाल शाईचा एकही ठिपका सापडणार नाही, राणी आणि पिवळे ठिपके शेजारी-शेजारी, थोडे एकमेकांवर. घरी भिंग नसेल तर प्रेसवर या, लूप, म्हणजे ठिपके बघायचं छोटं भिंग, टेबलावरच असतो.