सातवा घाणा: जव बुडून मरत होता

घरी जवाचा माल्ट (मोड आणून वाळवलेला जव, बिअरचा कच्चा माल) करतोय; सहा घाणे वाया गेल्यावर सातव्यात एकदाचे सगळीकडे मोड आले. घरात आनंदाने सांगितलं तर बायको म्हणाली, "मटकीला रोज येतात."

मागच्या घाण्यांचं रडगाणं असं: अर्धे दाणे ढिम्म, वर आंबूस वास. मी सगळा दोष बियाण्याला देत होतो, आणि त्याला कारणही होतं. 'दोन रांगी (कणसात दाण्यांच्या दोनच रांगा), खास माल्टचा' म्हणून ऑनलाइन मागवलेल्या पोत्यातले शंभर दाणे कागदावर पसरून भिंगातून पाहिले, तर पासष्टेक दाणे एका अंगाला पिळवटलेले. दोन रांगी जवाचे दाणे सरळ असतात. सहा रांगीत तिनातले दोन दाटीत वाढतात, म्हणून वाकडे. म्हणजे हा चक्क सहा रांगी. विक्रेत्याला फोटो पाठवले. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

पण सहा रांगी झाला म्हणून काय उगवायचं विसरतो? शेवटी बशीची चाचणी केली. दोन काचेच्या बशा, प्रत्येकीत गाळणकागदाच्या दोन चकत्या आणि शंभर दाणे. सिरिंजने एकीत ४ मिली पाणी, दुसरीत ८ मिली. झाकून ७२ तास. मग मोजले: ४ मिलीत ९५, ८ मिलीत ५१. बी ठणठणीत होतं, मीच त्याला बुडवत होतो! जादा पाण्याचा पातळ थर दाण्यावर बसला की अंकुराला ऑक्सिजन मिळत नाही. आणि मी मटकीच्या सवयीने रात्रभर भिजवून वर आणखी दिवसभर ठेवायचो.

आता ६ तास पाण्यात, १२ तास चाळणीत निथळत, मधूनमधून हात फिरवायचा. परत ५ तास पाणी, १२ तास हवा, शेवटी एक छोटी बुडी. पुरे कधी म्हणायचं ते काटा सांगतो. १ किलो जवात १२ टक्के ओलावा धरला तर कोरडा ऐवज ८८० ग्रॅम. ४४ टक्के ओलावा हवा, तर वजन १५७० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. काट्यावर १५६२ दिसलं आणि मी रात्री साडेअकराला स्वतःसाठी चहा टाकला.

पुढचं दुखणं मार्चचं. मोड फुटताना ढीग आपणहून तापतो. जवाला १६-१८ अंश मानवतात आणि सांगलीत दुपारी ३७. ओलं पोतं, खाली माठाची वाळू, दर चार तासांनी उलथापालथ, एवढं करून २३ वर आणला. चौथ्या दिवशी नखाने साल काढली, तर आतला कोंब दाण्याच्या पाऊण लांबीला पोचलेला. दाणा बोटात चिरडला, खडूसारखी पूड. टोकाला मात्र अजून खडा.

वाळवताना घाई नडते. दाणा ओला असताना ५० अंशांच्या वर गेलात की स्टार्चची साखर करणारे एन्झाइम मेले. म्हणून आधी दिवसभर जाळीवर, टेबल फॅनखाली; मग ओव्हनमध्ये ८० वर तीन तास. ओव्हनचा आकडा धरू नका, थर्मामीटर आत ठेवा. माझा १२ अंशांनी खोटं बोलतो. मुळं चोळून काढल्यावर ८३० ग्रॅम माल्ट हातात. थोडा भरडून पाण्यात ६६ अंशांवर पाऊण तास ठेवून पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब टाकला: पिवळाच राहिला, निळा नाही. स्टार्च संपला! (परवान्याशिवाय बिअर करता येत नाही, त्यामुळे माझी गाडी या गोड पाण्यापाशीच थांबते.)

हॉप्सचं (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा वेल) विचारू नका. वेल गुडघ्याएवढा झाला आणि चार फुलं टाकून बसला. त्याला ३५ अंशांपलीकडच्या अक्षांशांचा लांब दिवस लागतो, आपला जूनमधलाही जेमतेम १३ तासांचा.

तासगावच्या मामेभावाकडे बेदाण्याच्या जाळ्या मागितल्यात, पण सध्या त्याचाच हंगाम आहे, आणि गंधकाची धुरी बसलेली जाळी माल्टला नको. लिहिता लिहिता वाटतंय, उन्हाळ्यात जवाशी भांडायचंच कशाला? ज्वारीला मोड यायला २५-३० अंशच लागतात. दोन अडचणी आहेत: कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, म्हणून कोंब-मुळं वाळवून पूर्ण काढायची, आणि तिचा स्टार्च जवापेक्षा जास्त तापमानाला फुगतो, म्हणून आधी वेगळी शिजवून मग जवाचा माल्ट घालायचा. जतची मालदांडी ज्वारी १ किलो आणलीय. आज रात्री बशा मांडतो, ४ मिली आणि ८ मिली.